‘हॉब्सन-जॉब्सन’ आणि ‘हैदोस’ : एका आक्रोशाची दोन अनुकरणे

इंग्रजी भाषेत ‘हॉब्सन-जॉब्सन’ असा एक चमत्कारिक जोडशब्द आहे. इंग्रजीच्या बहुतेक अध्यापकांना तो एका कोशाचे नाव म्हणून परिचित असतो. कर्नल हेन्‍री यूल आणि मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी आर्थर बर्नेल या दोघांनी हिंदुस्थानातील इंग्रजांच्या बोलीत रूढ झालेल्या देशी शब्दांचा जो प्रचंड कोश रचला व जो १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचे हे नाव होय. ग्रंथ छापून निघण्यापूर्वीच, १८८२ मध्ये, बर्नेलचे निधन झाले; पुढील काम यूलने एकट्याने तडीस नेले. १९०३ मध्ये विल्यम क्रुक याने त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती काढली. परंतु कोशाला हे नाव मिळण्यापूर्वी तो एक जिवंत शब्द होता, गोऱ्या सोल्जराच्या तोंडचा. आणि त्याचा अर्थ होता मोहरमचा समारंभ, किंवा अधिक सैलपणे, कोणताही देशी गलबला, तमाशा.

कोशकारांनी त्याची व्युत्पत्ती स्वच्छ सांगितली आहे. मोहरमच्या मिरवणुकीत छाती पिटीत चाललेले लोक ‘या हसन! या हुसेन!’ असा जो आक्रोश करतात, त्याचे गोऱ्या शिपायाच्या कानाने केलेले हे अनुकरण. हॉब्सन आणि जॉब्सन ही इंग्लंडातील अगदी साधी, आपल्याकडील पाटील-कुलकर्ण्यांसारखी परिचित आडनावे. ‘हॉब’ हे रॉबर्ट या नावाचे लाडके रूप, म्हणून हॉब्सन म्हणजे हॉबचा मुलगा. पैगंबरांचे दोन नातू अशा रीतीने बराकीत पोचता पोचता इंग्लंडातील दोन खेडुत होऊन बसले! (घोडे भाड्याने देणाऱ्या केंब्रिजच्या ज्या हॉब्सनवरून ‘हॉब्सन्स चॉइस’ हा वाक्प्रचार आला, त्याचा येथे काही संबंध नाही, विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतात म्हणून सांगितले.)

हा शब्द ध्वन्यनुकारी म्हणावा काय, असा आक्षेप येथे कोणी घेईल. आपल्या शालेय व्याकरणांत ध्वनिदर्शक शब्दांच्या ज्या याद्या असतात, त्यांत पानांची सळसळ, पैंजणांची छुमछुम, ढगांचा गडगडाट, पाखरांचा किलबिलाट असे शब्द येतात. माणसाच्या बोलण्याचे अनुकरण त्यांत बसत नाही. परंतु आमच्या मते हा शब्द त्या वर्गात केवळ बसतोच असे नव्हे, तर ध्वन्यनुकरण म्हणजे काय हे त्याच्याइतके चांगले दुसरा शब्द क्वचितच शिकवील.

आपल्या प्राचीन शास्त्रकारांनी या प्रश्नाचा विचार फार बारकाईने केला होता. यास्काने निरुक्तात ‘काक’ हे नाव त्या पक्ष्याच्या शब्दाचे अनुकरण होय असे सांगून पक्ष्यांच्या नावांत हा प्रकार पुष्कळ आढळतो असे नोंदविले, आणि त्याच ठिकाणी, शब्दानुकृती असा प्रकारच नाही, हे औपमन्यवाचे विरुद्ध मतही देऊन ठेवले. पाणिनीने अशा शब्दांसाठी जी संज्ञा वापरली ती आम्हांस अत्यंत मार्मिक वाटते. ती संज्ञा ‘अव्यक्तानुकरण’. ज्या ध्वनीत अकारादी वर्ण निरनिराळे स्पष्ट उमटत नाहीत तो अव्यक्त ध्वनी. त्याचे व्यक्त वर्णांनी केलेले अनुकरण ते अव्यक्तानुकरण. ‘पटपटा’, ‘दमदमा’ ही वैयाकरणांची नेहमीची उदाहरणे. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, ‘अव्यक्त’ हा गुण ध्वनीइतकाच कानाचाही असतो. घड्याळाच्या आवाजात वर्ण नाहीत. म्हणून मराठी कानाला तो ‘टिकटिक’ वाटतो, तर इंग्रजी कानाला ‘टिक-टॉक’. कोंबडा आपल्या अंगणात ‘कुकूचकू’ करतो आणि इंग्लंडात ‘कॉक-अ-डूडल-डू’. कोंबडा तोच आहे. ऐकणाऱ्याच्या भाषेत जे वर्ण आणि ज्या वर्णजोड्या तयार असतात, त्यांच्याच साच्यात तो अव्यक्त ध्वनी ओतला जातो.

आता परकी भाषा ही न जाणणाऱ्याच्या कानाला दुसरे काय असते? तीही अव्यक्त ध्वनीच. ग्रीक लोकांना परकीयांचे बोलणे ‘बर-बर’ असे ऐकू आले व त्यावरून त्यांनी परकीयाला जे नाव दिले तेच पुढे युरोपीय भाषांत रानटी मनुष्याचे नाव झाले. आपल्या संस्कृतातही ‘बर्बर’ आहेच. दूर कशाला जावे? दक्षिणेकडील भाषांना आपण मराठी माणसे थट्टेने ‘यंडुगुंडू’ म्हणत आलो, तेही याच जातीचे अनुकरण. तेलुगूच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या सिकंदराबादच्या मराठी घरात हा शब्द उच्चारणे कठीण जाते, कारण तेथे तेलुगू अव्यक्त राहिलेली नाही. भाषा कळू लागली की तिचे ध्वन्यनुकरण थांबते.

‘हॉब्सन-जॉब्सन’ हा शब्द कोणा एका छावणीचा नव्हे. परंतु तो कशा परिस्थितीत उपजतो हे पाहावयाचे असेल तर सिकंदराबादसारखे दुसरे ठिकाण नाही. १७९८ च्या तैनाती फौजेच्या तहानंतर कंपनी सरकारच्या पलटणींनी हुसेनसागर तलावाच्या ईशान्येस तळ दिला. १८०६ मध्ये त्या वस्तीला तत्कालीन निजाम सिकंदरजाह याचे नाव मिळाले. लोकांनी मात्र तिला ‘लष्कर’च म्हटले, आजही तेथील उज्जयिनी महांकाली देवीच्या जत्रेस ‘लष्कर बोनालु’ म्हणतात. तलावाच्या एका अंगास हे लष्कर, त्यात इंग्लंड-आयर्लंडातून आलेला, दिवसभर कवाईत करून संध्याकाळी कंटाळलेला गोरा शिपाई. दुसऱ्या अंगास हैदराबाद शहर, ज्याच्या स्थापनेपासून मोहरम हा त्याच्या जीवनाचा भाग होता. गोवळकोंड्याचे कुतुबशाही सुलतान शिया पंथाचे. त्यांपैकी मुहंमद कुली याने सोळाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बांधविलेला बादशाही आशूरखाना अजून उभा आहे. पुढे आलेले आसफजाही राजे सुन्नी असले तरी त्यांनी हा परिपाठ मोडला नाही. मोहरमच्या पाचव्या दिवशी निघणारी लंगरची मिरवणूक निजामी अमदानीत पाहण्यासारखी असे आणि ती पाहण्यास इंग्रज पाहुणे मुद्दाम येत. दहाव्या दिवशी हत्तीवरून निघणारा ‘बीबी का अलम’ आजही डबीरपुऱ्याहून चादरघाटाकडे जातो.

अंतर एका तलावाचे होते, पण त्या कानाला ते अंतर फार मोठे होते. करबलेचे रणांगण, इ. स. ६८० मधील हुसेन यांचा वध, फुरात नदीचे पाणी तोडल्यामुळे तान्ह्या मुलांनी सोसलेली तहान, यांपैकी काहीही त्या शिपायाला ठाऊक नव्हते. त्याच्यापर्यंत पोचला तो केवळ ताल, छातीवर पडणाऱ्या हातांचा आणि दोन-दोन पदांच्या आरोळीचा.

या अनुकरणाचा प्रवास मोठा बोधप्रद आहे. जॉन फ्रायर नावाचा कंपनीचा वैद्य १६७३ च्या सुमारास हिंदुस्थानात आला होता; त्याच्या प्रवासवर्णनात मोहरम ‘होसीन-गोसीन’ यांच्या अंत्यविधीचा सण म्हणून येतो. म्हणजे आरोळीचे एव्हाना नाव झाले होते, पण त्यात हुसेन अजून ओळखू येतो. १७२६ मध्ये व्हॅलेंटाइन हा डच लेखक आपले देशबांधव या दिवसांना ‘याक्सोम-बाक्सोम’ म्हणतात असे नोंदवितो. येथे ‘या’ हे संबोधन शाबूत आहे, हसन-हुसेन मात्र विरघळून गेले आहेत. आणि १८२९ मध्ये एका शिकारविषयक इंग्रजी नियतकालिकात ‘हॉब्सन-जॉब्सन’ हे पूर्ण इंग्रजी रूप धारण करून शब्द उभा राहतो. तोही एका अशिक्षित गोऱ्याच्या तोंडी, कागदी पेट्यांची म्हणजे ताबुतांची वाखाणणी आणि गोंगाटाची तक्रार चालली असताना. दीडशे वर्षांत आक्रोशाचे असे रूपांतर झाले.

ही तिन्ही रूपे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे काही गोष्टी ध्यानात येतात. हसन आणि हुसेन ही दोन नावे अनोळखी कानाला जवळजवळ सारखीच ऐकू येतात. ती दोन आहेत हे तर तालावरून कळते, पण त्यांतील भेद पकडता येत नाही. अशा वेळी इंग्रजी भाषेने आपल्या पोतडीतील एक जुने साधन बाहेर काढले : पहिले व्यंजन बदलून यमक जुळविणे. ‘हर्ली-बर्ली’, ‘हेल्टर-स्केल्टर’ हे शब्द असेच घडलेले आहेत, आणि त्या दोहोंचा अर्थही गोंधळ व धांदल असाच आहे. म्हणजे ज्या साच्यात ही आरोळी ओतली गेली तो साचाच मुळी गोंधळवाचक शब्दांचा होता. अर्थ ठरविण्याच्या आधी साच्यानेच अर्थ अर्धाअधिक ठरवून टाकला. ‘जॉब्सन’मधील ‘ज’ हा ‘या’च्या यकाराचा अवशेष असावा असा आमचा तर्क आहे, आपल्याकडेही ‘यमुना’ची ‘जमुना’ होतेच.

पाश्चात्य भाषाशास्त्रात पुढे, परकी शब्दाला स्वभाषेतील ओळखीचे रूप देण्याच्या या प्रवृत्तीलाच ‘हॉब्सन-जॉब्सनचा नियम’ असे म्हणू लागले. सिराज-उद्-दौला याचा ‘सर रॉजर डाउलर’ झाला तो या नियमाने. परंतु हा नियम इंग्रजांचीच मिरासदारी आहे असे समजण्याचे कारण नाही. पेशवाईच्या काळात आपल्या लोकांनी एल्फिन्स्टनचा ‘अलपिष्टन’ केला, कॅप्टन स्टुअर्टचा ‘इष्टुर फाकडा’ केला. रिक्रूटचा ‘रंगरूट’ झाला आणि त्यात न मागता एक ‘रंग’ शिरला. रात्रीच्या पहाऱ्यावरील इंग्रजी हटकणी, कोण येतो आहे असे विचारणारी, देशी शिपायाच्या तोंडी ‘हुकुमदर’ झाली. तिला हुकूमही मिळाला आणि दरारा मिळाला तो वेगळाच. आणि सर्व काही ठीक आहे, अशी पहारेकऱ्याने द्यावयाची जी ‘ऑल्‌ज वेल’ ही इंग्रजी ललकारी, तिचे मराठीत ‘आलबेल’ झाले. हा शब्द तर आज इतका मराठी झाला आहे की, त्याच्या मागे छावणीतील रात्र आहे हे कोणाच्या स्वप्नातही येत नाही.

‘आलबेल’ आणि ‘हॉब्सन-जॉब्सन’ यांतील फरक मात्र पाहण्यासारखा आहे. दोन्ही आरोळ्या, दोन्ही परक्या भाषेतील, दोन्ही छावणीत कानांवर पडलेल्या. पण ‘आलबेल’चा ध्वनी बिघडला तरी अर्थ जसाच्या तसा राहिला, कारण ती ललकारी देणे हे देशी शिपायाचे नित्याचे काम होते, तिचा उपयोग त्याला माहीत होता. उलट ‘हॉब्सन-जॉब्सन’मध्ये ध्वनी बदलला आणि त्याबरोबर शोकाची जागा तमाशाने घेतली.

आता आम्ही या लेखाच्या खऱ्या प्रयोजनाकडे येतो. इंग्रज शिपायाच्या अज्ञानाला हसणे सोपे आहे. परंतु त्याच मोहरमच्या आरोळीचे अनुकरण करून बनलेला आणि त्याच अर्थाकडे झुकलेला एक शब्द आपण मराठी लोक रोज वापरीत आहोत. तो शब्द म्हणजे ‘हैदोस’.

‘माकडांनी हैदोस घातला’, ‘गुंडांचा हैदोस’ असले मथळे वृत्तपत्रांत नित्य दिसतात. निबंधांतही विद्यार्थी हा शब्द सर्रास योजतात. ‘हैदोस’ म्हणजे धिंगाणा, धुमाकूळ. या शब्दाचे जुने रूप ‘हायदोस’, आणि त्याहून पूर्ण रूप ‘हायदोस दुल्ला’. मराठी कोशांनी त्याचा संबंध मोहरमच्या आरोळीशी जोडला आहे, आणि त्या संबंधाला एक उत्तम पुरावा दखनी मुसलमानांच्या चालीरीतींचे वर्णन करणाऱ्या ‘कानून-ए-इस्लाम’ या ग्रंथात मिळतो. एलूरचे जाफर शरीफ यांनी दखनीत रचलेला हा ग्रंथ मद्रास इलाख्यातील शल्यवैद्य हर्क्लॉट्स याने इंग्रजीत उतरवून १८३२ मध्ये लंडनला प्रसिद्ध केला. मोहरमात आशूरखान्यासमोर जो गोल खड्डा खणतात व ज्यात रात्री विस्तव पेटवितात, तो ‘अलावा’. त्याच्याभोवती फेर धरताना लोक काय ओरडतात हे त्यात नोंदविले आहे. ‘या अली’, ‘शाह हसन’, ‘शाह हुसेन’ या आरोळ्यांबरोबर तेथे ‘दूल्हा, दूल्हा’ आणि ‘हाय दोस्त, हाय दोस्त’ या आरोळ्या आहेत.

‘हायदोस दुल्ला’ची दोन्ही पदे येथे सुटी-सुटी हाती लागतात. ‘हाय दोस्त’ हा मित्राच्या नावाने केलेला विलाप. ‘दूल्हा’ म्हणजे नवरदेव; हा नवरदेव म्हणजे हसन यांचा तरुण पुत्र कासिम. परंपरा अशी सांगते की, करबलेच्या रणांगणावरच त्याचे लग्न लागले आणि लागलीच तो लढताना पडला. दखनच्या मोहरमात या कासिमच्या स्मरणाला फार मोठे स्थान आहे. हळदीच्या अंगाने मेलेल्या नवऱ्या मुलाचे हे दुःख मराठी माणसाला समजण्यासारखे नाही असे कोण म्हणेल? तरीही शब्दातून ते गळून पडले. ‘दोस्त’मधील अखेरचा तकार लोपला, ‘हाय’ आणि ‘दोस’ एकजीव झाले, हाय हे शोकाचे अव्यय आहे हे विसरले गेले, ‘दुल्ला’ तर मागेच राहिला, आणि उरला तो धुडगुसाचा वाचक एक पुल्लिंगी नाम.

तेव्हा मराठी कान आणि गोऱ्या शिपायाचा कान एकाच पंक्तीला बसवावा काय? आमचे मत तसे नाही. गोरा शिपाई मिरवणुकीच्या बाहेर उभा होता. मराठी माणूस पुष्कळदा तिच्या आत होता. मराठवाड्यातील आणि दक्षिण महाराष्ट्रातील किती तरी गावांत पंजे बसविणे, नवस बोलून मोहरमपुरते फकीर होणे, सरबत वाटणे, ताबूत खांद्यावर घेणे, हे हिंदू घराण्यांकडे परंपरेने चालत आले आहे. सांगली जिल्ह्यातील कडेगावचे उंच ताबूत दोन्ही समाज मिळून काढतात, ही सर्वश्रुत गोष्ट आहे. शिवाय दखनच्या मोहरमला शोकाबरोबर खेळाचेही एक अंग होते. अंगाला पट्टे रंगवून वाघ होणे, तऱ्हेतऱ्हेच्या फकिरांची सोंगे आणणे, अलाव्याभोवती नाचणे, विस्तवातून धावणे, यांची वर्णने त्याच ‘कानून-ए-इस्लाम’मध्ये विस्ताराने आहेत. ‘हायदोस दुल्ला’ म्हणत अलाव्याभोवती बेभान नाचणारा माणूस, मग तो कोणत्याही धर्माचा असो, खरोखरच हैदोस घालीत होता. म्हणजे इंग्रजी शब्दाच्या मुळाशी केवळ ऐकणे आहे, मराठी शब्दाच्या मुळाशी ऐकणे आणि नाचणे दोन्ही आहेत. अर्थ शोकाकडून धिंगाण्याकडे गेला तो मराठीत कानाच्या चुकीने तितका नव्हे, जितका पायांच्या आठवणीने गेला.

हा भेद मान्य केला तरी एक गोष्ट उरतेच. ज्यांना ते शब्द कळत होते, त्यांच्या भाषेत मोहरमने काय अर्थ दिला हे पाहिले पाहिजे. उर्दूत आणि हिंदीत ‘मुहर्रमी सूरत’ म्हणजे रडवा, सुतकी चेहरा. जो मनुष्य सदा खिन्न असतो तो ‘मुहर्रम की पैदाइश’. तोच सण, तेच दहा दिवस. पण शब्द ज्यांना व्यक्त होता त्यांच्या भाषेत तो दुःखाची खूण झाला, आणि ज्यांना तो थोडाबहुत किंवा पूर्ण अव्यक्त राहिला त्यांच्या भाषेत गोंगाटाची. सिकंदराबादच्या एकाच रस्त्यावर हे तिन्ही अर्थ एका काळी एकाच वेळी नांदत असले पाहिजेत : बराकीतला ‘हॉब्सन-जॉब्सन’, मराठी बिऱ्हाडातला ‘हायदोस’ आणि दखनी बोलणाऱ्या घरातली ‘मुहर्रमी सूरत’.

‘हैदोस’ हा शब्द त्याज्य मानावा अशी सूचना कोणी करील. आम्हांस ती पटत नाही. शब्द रूढ झाला, त्याने आपले मूळ टाकले, आता तो वापरणाऱ्याच्या मनात कोणाच्याही शोकाची अवहेलना नसते. मात्र वर्गात ध्वनिदर्शक शब्दांचा पाठ चालू असता शिक्षकाने यादी घोकून घेऊन थांबू नये असे आम्हांस वाटते. सळसळ, खळखळ, टिकटिक यांच्या जोडीला ‘हैदोस’, ‘आलबेल’ आणि ‘यंडुगुंडू’ हे तीन शब्द फळ्यावर लिहावेत आणि विद्यार्थ्यांना विचारावे की हे कोणाचे आवाज आहेत. सिकंदराबाद-हैदराबादच्या शाळांतून तर वर्गातच तेलुगू, उर्दू, तमिळ, कन्नड बोलणारी मुले बसलेली असतात. पाऊस, रेल्वे, मांजर, दारावरील थाप यांना त्यांच्या घरी काय म्हणतात हे त्यांनाच विचारून लिहून घेतले तर एका तासात चार-पाच भाषांची अव्यक्तानुकरणे गोळा होतील. अमेरिकन भाषापंडित मरे एमेनो याने १९६९ मध्ये एका निबंधात दाखवून दिले की, द्राविडी आणि आर्य या दोन कुळांतील भाषांमध्ये अशा द्विरुक्त ध्वन्यनुकारी शब्दांचा फार मोठा साठा सामाईक आहे, आणि तो भारत हे एक भाषाक्षेत्र असल्याचा भक्कम पुरावा आहे. मराठी ही त्या दोन कुळांच्या सीमेवरची भाषा. आणि ज्या शहरात तिच्या एका कानाशी तेलुगू व दुसऱ्या कानाशी दखनी सतत बोलत आली, तेथील मराठी शिक्षकाला यासाठी ग्रंथालयात जाण्याचेही कारण पडू नये.

अशा टिपणांत ‘हायदोस दुल्ला’ची पूर्ण आरोळी ज्या गावांत अजून ऐकू येते त्या गावांची नावे, आणि तेथे ‘दुल्ला’चा अर्थ लोक काय सांगतात, हे कोणी नोंदवून पाठविले तर कोशाच्या कामी त्याचा प्रत्यक्ष उपयोग होईल.